मानेवरची गाठ: सोनोग्राफी, डॉप्लर आणि इलास्टोग्राफी काय सांगतात, आणि सुईची तपासणी तरीही का लागते?

"डॉक्टर, मानेवर गाठ आली आहे. दुखत नाही, पण जातही नाही." मांडवगण फराटा आणि भीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो. बऱ्याच वेळा रुग्णाच्या हातात शिरूरहून, दौंडहून किंवा पुण्याहून करून आणलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. त्यातले 'नेक्रोसिस', 'मॅटेड', 'सस्पिशस' असे शब्द कुणीतरी मोबाइलवर शोधलेले असतात आणि घरात दोन दिवस चूल नीट पेटलेली नसते. प्रश्न एकच असतो: टीबी की कॅन्सर?

बहुतेक गाठी या दोन्हींपैकी काहीच नसतात. पण ज्या असतात, त्यांच्यात वेळ वाया गेला तर नुकसान मोठे होते. आजकालची सोनोग्राफी या गाठींबद्दल पुष्कळ सांगू शकते. ती काय सांगते आणि कुठे थांबते, हे कळले तर विनाकारण घाबरणेही टळते आणि विनाकारण थांबणेही.

ही गाठ नेमकी कशाची असते?

आपल्या मानेत दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ३०० लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड असतात. शरीरातल्या संरक्षक पेशींच्या या चौक्या आहेत. आसपासच्या भागातून येणारा द्रव त्या गाळतात. जंतू किंवा विचित्र पेशी आल्या की ग्रंथी कामाला लागते आणि सुजते. पायाला काटा लागून पिकले की जांघेत अवधाण येते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मानेतही तसेच घडते. फक्त इथे 'जखम' डोक्यात, दातात, घशात, तोंडात किंवा कधी छातीत-पोटातही असू शकते.

म्हणून गाठ कुठे आहे यावरून पहिला अंदाज येतो.

- जबड्याखाली: दात किडणे, हिरड्या, टॉन्सिल, तोंडातल्या जखमा. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांमध्ये तोंडाचा कॅन्सर.
- मानेच्या मागे: डोक्यातल्या उवा, खरूज, फोड. काही विषाणूंचे ताप. टीबीही इथे आढळतो.
- मानेच्या बाजूला वरपासून खालपर्यंत: घसा, टीबी, थायरॉइड, लिम्फोमा.
- गळपट्टीच्या हाडाच्या वर: इथली गाठ कधीही साधी समजू नये. छाती, स्तन, पोट इथले आजार इथपर्यंत येतात. विशेषतः डावीकडची गाठ पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते.

लहान मुलांच्या मानेत हरभऱ्याएवढ्या, मऊ, हाताखाली सरकणाऱ्या गाठी अगदी नेहमी लागतात. मूल खेळत असेल, जेवत असेल, वजन वाढत असेल, तर बहुधा चिंता नसते.

किती दिवस वाट पाहायची?

सर्दी, घसा किंवा दाताच्या दुखण्याबरोबर आलेली, दुखणारी गाठ साधारण दोन ते तीन आठवड्यांत ओसरू लागते. तेवढी वाट डॉक्टरांच्या नजरेखाली पाहायला हरकत नाही. पण खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर थांबू नका:

- तीन आठवड्यांनंतरही गाठ तशीच आहे किंवा वाढते आहे
- गाठ टणक आहे, हलत नाही, आतल्या भागाला चिकटल्यासारखी वाटते
- गळपट्टीच्या हाडाच्या वर आहे
- संध्याकाळचा ताप, रात्री घाम, भूक आणि वजन कमी होणे
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला
- तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे
- आवाज बसणे, गिळताना अडकणे
- वय चाळिशीच्या पुढे आणि तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी किंवा दारूची सवय

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका तरुण मुलीच्या मानेतल्या गाठीसाठी मी अँटिबायोटिकचा एक कोर्स दिला. थोडा उतार पडला म्हणून दुसरा दिला. सुईची तपासणी झाली तेव्हा दीड महिना उलटला होता आणि निदान टीबीचे निघाले. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक टीबीच्या जंतूंनाही थोडी दाबतात. त्यामुळे तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते. तेव्हापासून नियम एकच ठेवला आहे: एका कोर्समध्ये गाठ गेली नाही तर पुढचा कोर्स नाही, पुढची तपासणी.

साध्या सोनोग्राफीत डॉक्टर काय पाहतात?

मानेची सोनोग्राफी करायला उपाशीपोटी जावे लागत नाही, पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागत नाही, इंजेक्शन नसते. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात, म्हणून गरोदर स्त्रीला आणि लहान मुलालाही ती करता येते. साधारण १५ ते २० मिनिटे लागतात. गळ्यातली चेन, मंगळसूत्र काढावे लागते. तुळशीची माळ काढायची नसेल तर बाजूला सरकवली तरी बहुधा चालते.

मानेसाठी पोटाचा गोल प्रोब नाही, तर वरवरचे बारीक तपशील दाखवणारा सपाट प्रोब लागतो. त्यावर रेडिओलॉजिस्ट या गोष्टी तपासतात:

१) आकार. निरोगी ग्रंथी पावट्याच्या दाण्यासारखी लांबट असते. आजार आत भरला की ती चेंडूसारखी गोल होऊ लागते. आडवी मापे लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली की शंका वाढते.

२) माप. ग्रंथीची आडवी, म्हणजे लहान बाजू १ सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा ती सामान्य धरतात. जबड्याच्या कोनाखालच्या ग्रंथीला दीड सेंटिमीटरपर्यंत सूट असते. मात्र नुसत्या मापावर निदान होत नाही. मोठी ग्रंथी साधी असू शकते आणि लहान ग्रंथीत कॅन्सर असू शकतो.

३) हायलम. पावट्याच्या कडेला जशी पांढरी खूण असते, तशी ग्रंथीतही एक पांढरी रेघ दिसते. रक्तवाहिन्या तिथून आत शिरतात. रिपोर्टमध्ये 'फॅटी हायलम प्रिझर्व्हड' लिहिले असेल तर ती दिलासा देणारी खूण आहे. 'लॉस ऑफ हायलम' म्हणजे ती रेघ पुसली गेली. अशा वेळी पुढे तपासावे लागते.

४) आतला भाग. मध्यभाग सडून पातळ झाला असेल तर त्याला 'नेक्रोसिस' म्हणतात. टीबीत हे फार वेळा दिसते, पण कॅन्सरमध्येही दिसते. बारीक पांढरे ठिपके दिसले तर थायरॉइडच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा विचार करावा लागतो. मोठे, खडबडीत पांढरे डाग जुन्या, भरून आलेल्या टीबीचे असू शकतात.

५) कडा आणि शेजार. तीन-चार ग्रंथी एकमेकींना चिकटून द्राक्षाच्या घडासारख्या झाल्या असतील तर रिपोर्टमध्ये 'मॅटेड' असे येते. भोवतालचा भाग सुजलेला असेल तर टीबी किंवा पू होण्याकडे कल जातो. कड फाटून आजार शेजारच्या स्नायूत शिरला असेल तर कॅन्सरची शंका बळावते.

कलर डॉप्लर: रक्त कुठून वाहते?

याच मशिनवर बटण दाबून रक्ताचा प्रवाह रंगात पाहता येतो. याला कलर डॉप्लर म्हणतात. त्यातला लाल आणि निळा रंग शुद्ध-अशुद्ध रक्ताचा नसतो. रक्त प्रोबच्या दिशेने येते आहे की दूर जाते आहे, एवढेच तो सांगतो. फोटोत लाल रंग पाहून घाबरू नका.

निरोगी किंवा साध्या सुजेच्या ग्रंथीत रक्त हायलममधून शिरते आणि झाडाच्या फांद्यांसारखे पसरते. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरच्या ग्रंथीत कडेकडेने नव्या, वेड्यावाकड्या वाहिन्या तयार होतात. टीबीच्या ग्रंथीत वाहिन्या एका बाजूला ढकललेल्या दिसतात आणि सडलेल्या भागात रंगच येत नाही. लिम्फोमात मध्यातही आणि कडेलाही भरपूर प्रवाह असू शकतो.

इलास्टोग्राफी: गाठ किती टणक?

आंबा पिकला का, हे आपण अंगठ्याने हलकेच दाबून पाहतो. डॉक्टरही गाठ बोटाने दाबून पाहतात. पण बोटाला खोलवरची किंवा लहान गाठ नीट कळत नाही. इलास्टोग्राफी हेच काम ध्वनिलहरींनी करते. या तंत्राची मूळ कल्पना जोनाथन ऑफिर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत मांडली. आता ती अनेक चांगल्या सोनोग्राफी मशिनमध्ये उपलब्ध आहे.

तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात डॉक्टर प्रोबने हलका दाब देतात आणि गाठ किती दबली ते रंगात दिसते. दुसऱ्यात मशिन स्वतःच एक लहर पाठवते आणि ती किती वेगाने सरकली ते मोजते. टणक भागातून लहर जास्त वेगाने जाते. याला शिअर वेव्ह म्हणतात आणि त्याचे उत्तर आकड्यात येते, बहुधा किलोपास्कलमध्ये.

साधारण नियम असा की साध्या सुजेची ग्रंथी मऊ असते आणि पसरलेल्या कॅन्सरची ग्रंथी टणक. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

- काही मशिनवर निळा म्हणजे टणक, तर काहींवर लाल म्हणजे टणक. शेजारच्याच्या रिपोर्टमधल्या रंगाशी आपला रंग जुळवू नका.
- वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.
- जुना, भरून येत असलेला टीबी टणक लागतो. आतून सडलेला कॅन्सर मऊ लागतो. लिम्फोमाही बऱ्याचदा मऊ असतो. म्हणजे 'मऊ आहे, म्हणून कॅन्सर नाही' असे म्हणता येत नाही.

चार कारणे, चार चित्रे

सगळे एकत्र केले तर ढोबळ चित्र असे बनते:

साधी सूज. लांबट ग्रंथी, हायलम शाबूत, रक्तप्रवाह मधून, मऊ. रिपोर्टमध्ये 'रिॲक्टिव्ह' लिहिलेले असते. कारण शोधायचे, त्यावर उपचार करायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा हात लावून पाहायचे.

टीबी. जुन्या भाषेतली गंडमाळ ती हीच. एकापेक्षा जास्त ग्रंथी, एकमेकींना चिकटलेल्या, मध्यभाग सडलेला, भोवती सूज. कधी पू होऊन गाठ फुटते आणि जखम वाहत राहते. भारतात फुप्फुसाबाहेरच्या टीबीमध्ये लसिका ग्रंथींचा टीबी सर्वांत जास्त आढळतो.

लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचाच कॅन्सर. अनेक, मोठ्या, गोल, बहुधा न दुखणाऱ्या ग्रंथी. आतून एकसारख्या काळसर, सडणे कमी. काखेत आणि जांघेतही गाठी असू शकतात.

दुसरीकडून पसरलेला कॅन्सर. गोल, टणक ग्रंथी, हायलम पुसलेला, प्रवाह कडेने. आपल्याकडे याचे उगमस्थान बहुतेक वेळा तोंड, जीभ किंवा घसा असते. म्हणून मानेत गाठ असेल तर डॉक्टरांनी टॉर्च घेऊन तोंड तपासलेच पाहिजे. त्यांनी तपासले नाही तर तुम्ही आठवण करा. थायरॉइडचा कॅन्सरही मानेत पसरतो, तरुण स्त्रियांमध्येही. त्याच्या नेहमी दिसणाऱ्या प्रकारावर उपचार खूप यशस्वी होतात.

मग सोनोग्राफीवरच औषध सुरू का करू नये?

कारण ही चित्रे एकमेकांत मिसळतात. सर्वांत मोठा धोका इथेच आहे.

समजा, ५५ वर्षांच्या एका शेतकऱ्याला वीस वर्षे तंबाखूची सवय आहे. जबड्याखाली गाठ आली. सोनोग्राफीत मध्यभाग सडलेला दिसला. कुणीतरी म्हणाले, "टीबीच असणार, औषध सुरू करा." गोळ्या घेता घेता तीन महिने गेले. गाठ वाढतच राहिली. प्रत्यक्षात जिभेच्या मागे लहानशी जखम होती आणि गाठीत तोच कॅन्सर पसरलेला होता. पसरलेल्या कॅन्सरची गाठही आतून सडते, म्हणून ती टीबीसारखी दिसते. त्या तीन महिन्यांची किंमत फार मोठी असते.

उलटही घडते. २२ वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये 'सस्पिशस' शब्द दिसतो. सोयरीक मोडेल म्हणून घरचे रिपोर्ट लपवतात, पुढची तपासणी टाळतात. तिला असतो साधा, सहा महिन्यांत बरा होणारा टीबी.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तिला मर्यादा आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेले आणि मानेत हाताला गाठ न लागणारे ५०० रुग्ण त्यात होते. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्या गटात मानेत गाठ उगवली तरच काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. बाहेरून साफ दिसणाऱ्या ग्रंथींतही मोजक्या पेशी लपलेल्या असू शकतात, आणि त्या इतक्या सूक्ष्म असतात की कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला सर्जन मानेच्या ऑपरेशनचा सल्ला देतात, तेव्हा "सोनोग्राफी तर नॉर्मल आहे" म्हणून ते नाकारू नका.

शेवटचा निकाल सुईचा

सोनोग्राफी सांगते की कोणत्या ग्रंथीवर संशय घ्यायचा आणि तिच्या कोणत्या भागातून नमुना घ्यायचा. निदान नमुन्यावरून होते.

एफएनएसी. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात. सुई साध्या इंजेक्शनच्या सुईइतकी किंवा त्याहून बारीक असते. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. सोनोग्राफीत पाहत पाहत सुई घातली तर नमुना नेमका योग्य जागेचा मिळतो.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. टीबीच्या जंतूचा अंश नमुन्यात आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का, हे काही तासांत सांगणाऱ्या तपासण्या. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवली आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. सरकारी कार्यक्रमात या तपासण्या मोफत होतात. मात्र गाठीतल्या टीबीत जंतू कमी असतात. त्यामुळे निगेटिव्ह आली तरी टीबी नाहीच, असे ठरत नाही.

कोअर बायोप्सी किंवा पूर्ण ग्रंथी काढणे. लिम्फोमाची शंका असेल तर थोड्या पेशी पुरत नाहीत. तुकडा किंवा अख्खी ग्रंथी लागते, कारण लिम्फोमाचा प्रकार ठरल्याशिवाय उपचार ठरत नाही.

इथे तुम्ही करण्यासारखी एक गोष्ट आहे. बायोप्सीचा तुकडा सहसा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि टीबीचे कल्चर करता येत नाही. म्हणून नमुना घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "थोडा नमुना सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी पाठवणार ना?" एवढ्या एका प्रश्नाने दुसऱ्यांदा सुई टोचून घेणे वाचू शकते.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे खरे आहे का?

नाही. ही भीती गावोगावी पसरलेली आहे आणि तिच्यामुळे लोक महिनोन्महिने घरी बसतात. मानेच्या गाठीला बारीक सुई लावल्याने कॅन्सर पसरण्याची शक्यता नगण्य आहे. तपासणीविना काढलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की पसरतो. सुईनंतर काही दिवसांत गाठ वाढलेली दिसली, तर ती आधीच वाढणारी गाठ होती किंवा आत थोडे रक्त साचले आहे.

निदान होण्याआधी काय करू नये?

- गाठ चोळू नका, शेकू नका, त्यावर जळजळीत लेप किंवा डाग देऊ नका.
- 'गाठ बसवायची' म्हणून स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. स्टेरॉइडने लिम्फोमा काही दिवस आकसतो आणि बायोप्सीत नीट दिसत नाही. टीबी असेल तर तो वाढू शकतो.
- नमुना घेतल्याशिवाय टीबीचे औषध 'करून पाहू' नका. काही थोड्या प्रसंगी तज्ज्ञ डॉक्टर विचारपूर्वक तसे ठरवतात, पण तो शेवटचा पर्याय आहे.

टीबी निघाला तर

घाबरण्याचे कारण नाही. उपचार साधारण ६ महिन्यांचे असतात: पहिले २ महिने चार औषधे, नंतरचे ४ महिने तीन. औषधे सरकारकडून मोफत मिळतात. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि रक्तातली साखर तपासावी लागते. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसत्या गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याची, मुलाला जवळ घेऊ न देण्याची गरज नाही.

उपचार चालू असताना काही रुग्णांमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी होते किंवा नवी गाठ येते. ही बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते, औषध हरल्याची खूण नसते. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. कोर्स संपल्यावरही बारीकशी गाठ राहू शकते. अशा वेळी पुन्हा केलेली सोनोग्राफी आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहता येते. म्हणून जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवा.

निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: हंगाम संपून गावी परतताना उपचार तुटू देऊ नका. निक्षय क्रमांक घेऊन आधी आरोग्य केंद्रात सांगा, पुढची औषधे तुमच्या जिल्ह्यात मिळण्याची सोय होते. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६ मोफत आहे.

कॅन्सर निघाला तर

उगम कुठे आहे हे शोधणे आणि आजार किती पसरला हे ठरवणे, ही पुढची पायरी. तोंडाच्या कॅन्सरवर वेळेत ऑपरेशन, गरजेनुसार रेडिएशन आणि औषधे यांनी अनेक रुग्ण बरे होतात. लिम्फोमाचे कित्येक प्रकार, विशेषतः हॉजकिन लिम्फोमा, पूर्ण बरे होऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी भेटा.

आपल्या भागातून तपासणीला जाताना

सोनोग्राफी मशिन कायद्याने नोंदणी केलेल्या जागीच वापरता येते, त्यामुळे प्रत्येक गावात ती नसते आणि शिरूर, दौंड किंवा पुण्याला जावे लागते. एक फेरी वाया जाऊ नये म्हणून:

- आधी फोन करून विचारा: मानेची सोनोग्राफी डॉप्लरसह होते का? सोनोग्राफीत पाहून एफएनएसी होते का?
- डॉक्टरांची चिठ्ठी न्या. तिच्यावर गाठ किती दिवसांची, ताप, वजन, तंबाखूची सवय हे लिहिलेले असू द्या. रेडिओलॉजिस्टला हे कळले तर रिपोर्ट अधिक उपयोगी येतो.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. मनाने बंद करू नका.
- इलास्टोग्राफी जवळ मिळत नसेल तर तिच्यासाठी थांबू नका. चांगली साधी सोनोग्राफी, डॉप्लर आणि वेळेत सुई एवढ्यावर बहुतेक निदाने होतात.
- खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात जा. सुईची आणि पुढची तपासणी पुण्यात ससून रुग्णालयात होते.

थोडक्यात

सोनोग्राफी, डॉप्लर आणि इलास्टोग्राफी गाठीचे बाहेरून दर्शन घडवतात. साधी गाठ ओळखून त्या बऱ्याच जणांची सुई वाचवतात आणि ज्यांना सुई लागणार आहे त्यांच्यासाठी नेमकी जागा दाखवतात. पण 'टीबी' किंवा 'कॅन्सर' हा शब्द नमुन्याच्या रिपोर्टवरूनच खरा मानायचा. गाठ तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली असेल तर आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सुईची तपासणी सांगितली तर ती त्याच आठवड्यात करून घ्या.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या गाठीबद्दलचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.